पुतळामावशीचं सीरम

"खोकणाऱ्या माणसाला बाळाजवळ येऊ द्यायचं नाही. आणि खोकला कशाचा आहे, हे तुम्ही ठरवायचं नाही. कळलं का?" दवाखान्यातून घरी सोडताना वैशाली सिस्टर म्हणाल्या होत्या.

बाळाची आई, पूर्वी, तेव्हा हसली होती. "सिस्टर, भिवंडीत न खोकणारं माणूस आणायचं कुठून?" तिने विचारलं, तशी शेजारच्या खाटेवरची बाळंतीणही टाके सांभाळत हसली. बोलणं खोटं नव्हतंच. या गावात निम्म्या घरांतून कुणी ना कुणी लूमवर दिवस काढलेलं असतं. सुताची धूळ छातीत बसते ती बसते. जिन्यात, रिक्षात, देवळाच्या रांगेत कुणी खोकलं तर इथे मान वळवून बघायचीही पद्धत नाही.

पूर्वीचं घर काल्हेरला, नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर. मजल्यावर चार दारं, त्यातली तीन कुलपात. खिडकीतून गोडाऊनचे निळे पत्रे आणि त्यांच्यापुढे वळणापर्यंत लागलेले ट्रक दिसत. त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये तिचा नवरा कुणाल सुपरवायझर होता. बारा तासांची ड्युटी. घरी यायचा तो जेवून झोपण्यापुरता. पूर्वीची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायचा प्रश्नच आला नाही. सासूबाई, गोदूबाई, वज्रेश्वरीजवळच्या गावी. त्या अधूनमधून यायच्या. दिवसभर घरात दोघीच: पूर्वी आणि अजून नावही न ठेवलेली तिची लेक.

तिसरी यायची ती पुतळामावशी. शेलारहून सकाळी साडेआठला, बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायला. साठीची, काटक, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. आल्या आल्या चहा मागायची आणि पाटावर पाय पसरून बाळाला नडगीवर आडवं घ्यायची.

"काय गो, कालचीच साडी? नवऱ्याला वाटंल बायको बदलली न्हाय अजून."

"मावशी, मला केस विंचरायला वेळ मिळत नाही, साडीचं काय घेऊन बसलात?"

"येळ हाय गो. तुज्या अंगात जीव न्हाय, ती गोष्ट येगली."

एवढ्या चार वाक्यांवर पूर्वीचा उरलेला दिवस निघायचा. मावशी गेली की ती दाराला कडी लावायची आणि संध्याकाळपर्यंत स्वतःचा आवाज बाळाशी बोलतानाच ऐकायची. कधीकधी भांडी घासताना मावशीचंच वाक्य पुन्हा म्हणून बघायची.

मावशी खोकायची. सारखी नव्हे, तास तास काही नाही आणि मग एकदम असा लोंढा यायचा, की ती बाळाला पूर्वीच्या हातात देऊन मोरीत जाऊन वाकायची. डोळ्यांतून पाणी, शेवटी उलटीसारखं काहीतरी. "एकवीस वरीस सुताच्या कांड्या भरल्या लूमवर," ती पदराने तोंड पुसत सांगायची. "त्यो कापूस आता भायेर निघतोय."

आता मधली एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी बाळंत झाली तेव्हा मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा डांग्या खोकल्याचा अभ्यास चालू होता. वैशाली सिस्टर त्याच कामावर होत्या. त्यांनी समजावून सांगितलं होतं: मोठ्या माणसाला हा आजार झाला तर तो महिनोन् महिने खोकतो, पण निभावतो. तान्ह्या बाळाला मात्र पुष्कळदा खोकायची ताकदच नसते, त्याचा श्वासच थांबतो. बाळाची पहिली लस दीड महिन्यानंतर. तोवर त्याच्याजवळ जे काही असतं ते आईच्या रक्तातून नाळेवाटे आलेलं. तर कुणाच्या रक्तात हे संरक्षण किती, बाळापर्यंत ते किती पोहोचतं, आणि बाळाला रोज हाताळणाऱ्या माणसांच्या रक्तात काय आहे, हे त्यांना तपासायचं होतं. पूर्वीने सही केली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी, असल्या कामाला नाही म्हणणं तिला कमीपणाचं वाटलं.

तिचं रक्त आणि नाळेतलं रक्त बाळंतपणातच घेतलं गेलं. नवव्या दिवशी हरेश नावाचा तंत्रज्ञ घरी आला, कुणालचं आणि पुतळामावशीचं घ्यायला. मावशीने आधी हात आखडला.

"माजा रगत घेऊन काय करनार रं?"

"मावशी, रक्त नाही लागत," हरेश म्हणाला. "ते गोठलं की वर पिवळट पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. आम्हाला ते पाहिजे."

"दह्यावरच्या पान्यासारखा?"

"अगदी तसंच."

"मंग घे. पन दही परत दे मना." आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसली, की हरेशला सुई धरून थांबावं लागलं.

नळी भरल्यावर त्याने फॉर्म काढला. वय, गाव, काम. मग विचारलं, "खोकला आहे?"

मावशी तेव्हा खोकत नव्हती. तिने पूर्वीकडे पाहिलं आणि पूर्वीने उत्तर दिलं. "आहे, पण लूमचा आहे. जुना."

"किती जुना?"

"वर्षानुवर्षांचा." हे तिने मावशीला कधी विचारलेलं नव्हतं. मावशीला ती ओळखत होती सहा दिवस. हरेशने लिहिलं: जुना. अहवाल पाठवायला मावशीजवळ साधा बटणांचा फोन, म्हणून पूर्वीने आपलाच नंबर दिला.

बाविसाव्या दिवशी, शनिवारी, अहवाल आले. मोबाईलवर चार पानं. पूर्वीने बाळाला पाजता पाजता एका हाताने उघडली. डांग्या खोकल्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा तिचा आकडा चार. बाळाचा पाच. कुणालचा अकरा.

चार. तिने ते पान दोन बोटांनी मोठं केलं, जणू मोठं केल्याने पुढे एखादं शून्य निघेल. गरोदरपणात तिने धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं घेतली होती. डांग्या खोकल्याची लस त्यात नसते, ती वेगळी मागून घ्यावी लागते, हे तिला बाळंतपणानंतर कळलं होतं. आता तेच आकड्यात मांडून समोर आलं. मांडीवरचं पोर चुरूचुरू पीत होतं, आणि त्या दुधातून नाही, रक्तातून जे द्यायचं होतं ते आपण दिलंच नाही, असं तिला सारखं वाटू लागलं.

मग तिने चौथं पान उघडलं. पुतळाबाई, वय एकसष्ट. तीनशे बारा.

तिने दोनदा वाचलं. तीनशे बारा! घरातल्या सगळ्यांची बेरीज केली तरी विसाच्या पुढे जात नव्हती, आणि ही बाई एकटी तीनशे बारा घेऊन रोज रिक्षातून येत होती. खाली बारीक अक्षरांत ओळ होती: केवळ आकड्यावरून संरक्षणाचा निष्कर्ष काढू नये, अर्थ समजून घेण्यासाठी संपर्क साधावा. ती ओळ पूर्वीने वाचली आणि पुढे गेली. फोनच्या प्रत्येक पावतीखाली, प्रत्येक औषधाच्या डबीवर असल्या ओळी असतातच. तिच्या मनाने हिशेब केव्हाच लावला होता. जास्त आकडा म्हणजे जास्त संरक्षण. ज्याच्या अंगात संरक्षण, त्याला आजार नाही. ज्याला आजार नाही, तो देणार कुठून? मावशी म्हणजे बाळाभोवतीची भिंत. बाकी सगळे बाहेर.

तिने त्याच दिवशी बाकीच्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. कुणालला बाहेरच्या खोलीत झोपायला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या रीमाताई झबलं घेऊन आल्या, त्यांना दारातूनच "झोपलीय हो" म्हणून परत लावलं. रविवारी गोदूबाई पहिल्या बसने आल्या. डोक्यावर मेथीच्या लाडवांचा डबा, हातात शेतातली भाजी. खोकला नाही, सर्दी नाही. पूर्वीने दार अर्धंच उघडलं.

"आई, डबा खाली ठेवा. बाळाला सध्या कुणी भेटायचं नाही. रिपोर्ट आलाय."

"कसला रिपोर्ट?"

"रक्ताचा. तुमचं तपासलेलं नाही ना."

गोदूबाई उभ्याच राहिल्या. आतून मावशीचा आवाज येत होता, बाळाला न्हाऊ घालताना ती गुणगुणत होती. "ती कोण मंग आत?" गोदूबाईंनी विचारलं. "ती परकी चालते, आन मी न्हाय? आमची अंगं नासलीत का गो?"

"त्यांचं तपासलंय, आई. त्यांचा आकडा चांगला आहे."

"आकडा." गोदूबाईंनी डबा उंबऱ्याजवळ ठेवला. "बरं बाय. तुज्या आकड्यांनला सांबाल." पुढच्या बसपर्यंत दीड तास होता, तो त्यांनी खाली वॉचमनच्या खुर्चीवर काढला, हे कुणालने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो ओरडला नाही. नुसतं सांगून ड्युटीला गेला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

त्या रविवारी आत मावशी बाळाला पंच्यात गुंडाळून टाळू भरत होती. टाळूवर तेल जिरवलं, मग नेहमीसारखं वाकून बाळाच्या दोन्ही कानांत, मग नाकपुड्यांवर हलकी फुंकर मारली, न्हाताना गेलेलं पाणी उडावं म्हणून. जुन्या बायका मारतातच. पूर्वी समोर बसून बघत होती. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या खांद्यातला ताण सैल झाला होता. तीनशे बारा, तिला वाटलं. मारा मावशी, अजून एक फुंकर मारा.

सोमवारी सकाळी एका अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. लँडलाईन, मुंबईचा. पूर्वीचा फोन आवाज बंद करून असायचा, बाळ दचकतं म्हणून. आणि असल्या नंबरांवरून कर्ज नाहीतर प्लॉट विकायलाच फोन येतात. तिने उचलला नाही. मंगळवारी आणखी दोनदा.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला बाळ खोकलं. दोन दिवस नाक थोडं वाहत होतं खरं. आता पाजून खांद्यावर घेतलं, तर एक छोटासा खोकला, मांजराच्या पिल्लाच्या शिंकेएवढा. मग दुसरा. मग चारपाच एकापाठोपाठ, मध्ये श्वास न घेता. पूर्वीने तिला खांद्यावरून खाली घेऊन तोंडाकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता. तो लाल रंग तिच्या डोळ्यांदेखत गडद होत गेला, ओठांभोवती निळी रेघ उमटली, आणि खोकला थांबला. खोकला थांबला, पण श्वास सुरू झाला नाही. पोर तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत होतं, आणि खोलीत काही म्हणजे काहीच आवाज नव्हता.

तिने तळपाय चोळले. पालथं घेऊन पाठ चोळली. काहीतरी ओरडली, काय, ते तिला पुढे कधी आठवलं नाही, आणि ऐकायला मजल्यावर कुणी नव्हतं. किती वेळ गेला? दहा सेकंद असतील. मग एक बारीक, ओढलेला, दार करकरल्यासारखा आवाज करत हवा आत गेली आणि बाळ रडलं.

चप्पल न घालता ती खाली आली. गेटवरच्या रिक्षावाल्याने बाळाकडे एकदा पाहिलं, आतलं गिऱ्हाईक उतरवलं. "बैठो मॅडम, बैठो. बच्चे को सीधा पकडो, मैं निकालता हूँ." ट्रकांच्या फटीतून त्याने रिक्षा अशी काढली, की एरवी तिने डोळे मिटले असते. आता ती श्वास मोजत होती. मोजता मोजता ओटीतला फोन थरथरला. तोच नंबर. न बघताच, कुणाल समजून तिने उचलला.

"पुतळाबाईंच्या नावापुढे हा नंबर आहे," एक बाई म्हणाल्या. "मी अभ्यासातली डॉक्टर बोलतेय. शनिवारी अहवाल चुकून आमच्याशी बोलणं व्हायच्या आधीच गेले. पुतळाबाईंचा आकडा—"

"तीनशे बारा," पूर्वी म्हणाली. "चांगला आहे ना तो? त्यांना होणार नाही ना?"

डॉक्टर घाईने म्हणाल्या, "या वयाच्या बाईने लस घेतलेली नसताना एवढा आकडा येतो तो एकाच कारणाने. त्यांना आजार नुकताच होऊन गेलाय. किंवा अजून आहे. फॉर्मवर खोकला 'जुना' लिहिलाय, म्हणून आम्ही आधी… हॅलो? बाळाला त्या हात लावतात का?"

मांडीवर बाळाने पुन्हा खोकायला सुरुवात केली होती.

दवाखान्यात बाळाला वेगळ्या खोलीत ठेवलं. नाकात प्राणवायूची नळी, पायाला रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राची लाल चिमटी. नाकातला नमुना तपासायला गेला, पण उत्तराची वाट न बघता औषध सुरू झालं. आईलाही तेच औषध, कुणाललाही. कुणालला फक्त काचेपर्यंत येता यायचं; तो काचेला हात लावून उभा राहायचा आणि ड्युटीची वेळ झाली की जायचा. खोलीत पूर्वी आणि चिमटीवरचे आकडे. ९६. ९४. खोकला आला की ८१, ७३. मग नर्स धावत यायची.

पहिल्याच संध्याकाळी तिने मावशीला फोन लावला.

"पोरी? काय गो, उद्या येवू नको म्हनून सांगतेस—"

"माझं बाळ निळं पडलं, मावशी. तुमच्यामुळे. तुमचा तो लूमचा खोकला नव्हता. तुम्ही फुंकर मारून मारून तिला आजार दिलात. पुन्हा तोंड दाखवू नका मला."

पलीकडे तो खोकल्याचा लोंढा सुरू झाला, थांबेना, आणि त्यातच फोन बंद झाला.

पाचव्या दिवशी फोनवरच्या त्या अभ्यासातल्या डॉक्टर आल्या; म्हणाल्या, आता झटके कमी होतायत, पोर टिकून आहे, खोकला मात्र महिना-दोन महिने पुरेल. पूर्वी पहिल्यांदा रडली. रडून झाल्यावर तिने विचारलं, "मावशीनेच दिला ना?"

"नक्की कधीच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक हो. पण त्यांनासुद्धा कुणीतरी दिलाच असेल. एखाद्या बाळानेही. त्या दिवसाला चार घरं करतात, नाही का? आम्हाला त्या सापडायला हव्यात. त्यांचं वय बघता त्यांच्यासाठीही. एवढं खोकून बरगडी मोडते माणसाची." वैशाली सिस्टर शेलारला जाऊन आल्या होत्या. पुतळाबाई नावाच्या तिघी निघाल्या, त्यांतली एकही ही नव्हे. फोन त्या संध्याकाळपासून बंद.

"आडनाव काय त्यांचं?" सिस्टरांनी विचारलं.

पूर्वीला माहीत नव्हतं. बावीस दिवस त्या बाईने तिच्या लेकीला न्हाऊ घातलं, तिच्या स्वतःच्या पाठीला तेल लावलं, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिला आकडा तेवढा पाठ होता. फॉर्मवरच्या त्या रकान्यात आपण कुणाच्या छातीबद्दल काय लिहवून घेतलं, हे तिला आता खोटंनाटं करून मिटवता येणार नव्हतं. सहा दिवसांची ओळख आणि वर्षानुवर्षांचा खोकला. मावशीने तिच्याकडे पाहिलं होतं, कारण शिकलेली ती होती.

बाळ चिमटीसकट झोपलं होतं. ९७. पूर्वीने फोन घेतला, मावशी बोलता बोलता जे जे बोलून गेली होती ते आठवत बसली, आणि अभ्यासातल्या बायकांच्या ग्रुपवर, इमारतीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या, कुणालच्या, जिथे जिथे तिचं नाव होतं तिथे लिहिलं:

"मी पूर्वी भोईर, काल्हेर. माझी लेक पाच दिवस दवाखान्यात आहे, आता सावरतेय. मला पुतळामावशी हवी आहे. वय एकसष्ट, काटक, हिरव्या बांगड्या, काल्हेर आणि शेलारला बाळंतिणींना तेल लावते. आडनाव मला ठाऊक नाही, ही माझी चूक. एकटी राहते. मुलगा दौलत सुरतेला असतो. बंद पडलेल्या एका लूमच्या मागे खोली आहे, दारात शेवगा आहे, शेजारी कुणीतरी बकऱ्या पाळतं. तिला खोकला आहे, तो लूमचा नाही. औषध मिळालं पाहिजे, छाती तपासली पाहिजे. ती तुमच्याकडे येत असेल तर बाळालाही दाखवून घ्या, वाट बघू नका. तिला ओरडू नका. ते मी केलंय, आणि त्यानंतरच तिचा फोन बंद आहे. हे वाचणारं कुणीही शेलारच्या बाजूला असेल, तर कृपा करून आज उजेड आहे तोवर जाऊन बघा. दार लोटलेलं असेल तर तोंडाला रुमाल बांधून आत डोकवा. बोलत नसेल तर पूर्वीने पाठवलंय म्हणा, आणि तिने चहा तरी घेतलाय का, तेवढं मला कळवा."